आत्तींची अंकलिपी

"सरकारनं आपल्याला देशव्रत दिलं म्हणायचं की," २५ मार्च २०२० च्या सकाळी आत्ती म्हणाल्या.

त्या दिवशी पाडवा. आमच्या घरी एकाच दिवशी दोन सण. दारात माझी गुढी आणि देवघरापुढं आत्तींचा युगादीचा कडुलिंब-गूळ. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. २१ दिवस कुणी घराबाहेर पडायचं नाही, हे आदल्या रात्री टीव्हीवर ऐकून आम्ही सगळे हबकलो होतो. आत्ती मात्र शांत. श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे एक व्रत. दिग्व्रतात जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घालून घ्यायची आणि देशव्रतात काही काळापुरतं आणखी आत यायचं. आज या गल्लीपलीकडे नाही, या घराबाहेर नाही. आमच्या नव्या पिढीला हे शब्दसुद्धा ठाऊक नाहीत. आत्तींनी मात्र चातुर्मासात कितीतरी वेळा ते पाळलेलं.

"फरक एवढाच," त्या पुढं म्हणाल्या, "व्रत आपण घेतलं तर पुण्य. पोलिसाच्या काठीनं घेतलं तर नुसताच उपास."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. कन्नडमध्ये सासूला अत्ते म्हणतात, आमच्या बेळगावकडं मराठी बोलतानाही आत्तीच. वय तेव्हा ८४. मी ५४. लग्न होऊन सांगलीहून या घरात आले त्याला ३१ वर्षं झाली होती.

मैत्रिणींनो, त्या दिवसांत तुम्हीही माझ्यासारखीच यादी केली असणार. मी वहीचं शेवटचं पान काढलं आणि 'राहिलेली कामं' असा मथळा देऊन लिहून काढलं. फोटो अल्बममध्ये लावणे. जुन्या साड्यांची वाकळ शिवणे. मोबाईलवर मराठी टाइप करायला शिकणे. एम.ए.चा फॉर्म भरायची चौकशी. पहिल्या आठवड्यात फोटोंची पेटी उघडली, दोन दिवस जुने फोटो बघत रडून-हसून घेतलं आणि पेटी पुन्हा बंद केली. एम.ए.ची चौकशी आजही चौकशीच आहे. मोबाईलवर टायपिंग आलं, तेही मुलीनं पुण्याहून रोज ओरडून ओरडून शिकवलं म्हणून. जे काम यादीत नव्हतं तेच नेमकं झालं. ते यादीत का नव्हतं, हे सांगायला मला जरा मागं जावं लागेल.

लग्न १९८९ चं. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेली मी, कथा-कादंबऱ्या वाचून डोक्यात हवा गेलेली. सासरे मराठी शाळेत शिकलेले, आत्ती रायबागकडच्या खेड्यातल्या, कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. घरात दोन्ही भाषा. पुरुषांशी मराठी, दुकानात मराठी, देवघरातही बरंचसं मराठी. पण स्वयंपाकघरात आत्ती, आत्तेसासूबाई, शेजारच्या अक्का एकत्र जमल्या की कन्नड सुरू. मी चुलीपुढं भाकरी थापत असायची आणि मागं हशा उसळायचा. मला वाटायचं, माझ्यावरच हसतात. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची.

आत्तींना ते कळलं असावं. एक दिवस गणपत गल्लीतून बाजार करून आल्या तेव्हा पिशवीत भाजीबरोबर एक कन्नड अंकलिपी, एक दगडी पाटी आणि पेन्सिलींची पुडी होती. माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "रोज दुपारी अर्धा तास बसू. सहा महिन्यांत पेपर वाचशील."

मी काय म्हणाले असेन? "मला इथं नोकरी थोडीच करायचीय, आत्ती. मला मराठी पुरतं."

बोलणं साधंच होतं, पण आवाजात जे होतं ते साधं नव्हतं. पदवीधर सुनेला पाटीवर गिरवायला लावतात, हा राग होता. शिवाय तेव्हाचं बेळगाव तुम्ही जाणताच. भिंतीवर घोषणा, दुकानाच्या पाट्यांवरून वाद, १ नोव्हेंबरला एका गल्लीत मिरवणूक तर दुसऱ्या गल्लीत काळा दिवस. माहेरहून निघताना भाऊ चेष्टेनं म्हणालेला, "बघ हं, कानडी होऊन येऊ नकोस." अक्षरं शिकणं म्हणजे कुठल्यातरी बाजूला जाऊन उभं राहणं, असं मला वाटायचं. आत्ती काही बोलल्या नाहीत. अंकलिपी उचलून आत घेऊन गेल्या. पाटीवर पुढं कितीतरी वर्षं दुधाचा हिशोब लिहिला जायचा.

मग मुलं झाली. शाळेत त्यांना कन्नड हा विषय होताच. आत्ती त्यांना ओसरीवर घेऊन बसायच्या आणि मी आतून कान देऊन ऐकायची. ऐकून ऐकून बोलणं समजायला लागलं, मोडकंतोडकं बोलताही यायला लागलं. पण अक्षर मात्र शून्य. बसची पाटी विचारून, लाइटबिल ह्यांच्याकडून वाचून घेऊन, शेताचा उतारा आला की नुसता सही करून. दर मे महिन्यात मनाशी म्हणायची, यंदा शिकू. तो मे तीस वर्षं आला नाही. इतका आला नाही की मी त्याला यादीत लिहायचंही सोडून दिलं होतं.

आता लॉकडाऊनकडे येते.

आत्तींच्या डाव्या डोळ्याचा पडदा झिजलेला, त्यातून मधलं काही दिसत नाही. सगळी भिस्त उजव्यावर आणि त्यात मोतीबिंदू पिकलेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं होतं. फोन आला की आता तातडीचीच ऑपरेशनं होणार, तुम्ही थांबा. किती दिवस थांबायचं हे त्यांनाही सांगता येईना.

एरवी रोज दुपारी बस्तीत पाचसात बायका जमायच्या. एकजण ग्रंथ वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. बस्ती बंद झाली. उपाध्ये एकटेच पहाटे अभिषेक करून दार लावून घ्यायचे. ६ एप्रिलला महावीर जयंती आली. मिरवणूक नाही, पाळणा नाही, घरातच णमोकार म्हणून आम्ही शिरा केला. भाजीच्या गाड्यावर कांदे-बटाटे भरपूर, पण आमच्या घरात कंदमुळं चालत नाहीत, त्यामुळं सांडगे, कडधान्यं आणि डब्यातलं मेतकूट यांवर दिवस निघत होते. त्याचं आत्तींना काहीच वाटत नव्हतं. त्यांचं अडलं होतं वाचनापाशी.

सकाळी सोप्यात भिंतीला टेकून बसायच्या, मांडीवर 'भरतेश वैभव' उघडं. संध्याकाळी दिवेलागणीला बघावं तर पान तेच. मी विचारलं तर म्हणाल्या, "हात ठेवला तरी बरं वाटतंय."

मुलगा बेंगळुरात अडकलेला. त्यानं चार दिवस फोनवरून वाचून दाखवलं, मग त्याच्या ऑफिसचं काम घरात शिरलं. ह्यांना कन्नड येतं, पण ते वाचायला बसले की खतावणी वाचल्यासारखं, आणि दुसऱ्या पानाला घोरणं सुरू. "राहू दे रे," आत्ती म्हणाल्या, "तू झोप."

त्याच आठवड्यात वाकळीसाठी जुन्या साड्या काढायला मी माळ्यावर चढले. आत्तींच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, नऊवारीच्या घडीत गुंडाळलेली ती अंकलिपी होती. कागद पिवळा पडलेला, कोपरे उंदरानं कुरतडलेले. पहिल्या पानावर निळ्या शाईनं कन्नडमध्ये काहीतरी लिहिलेलं. किंमत असेल नाहीतर तारीख, असं वाटलं. मी माळ्यावरच पाय सोडून बसले. खाली आत्ती त्याच पानावर हात ठेवून बसलेल्या.

खाली येऊन म्हणाले, "आत्ती, मला शिकवता?"

"काय?"

"कन्नड वाचायला."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला दिसत नाही, तुला येत नाही. बरी शाळा आहे. परात आण."

परातीत तांदळाचं पीठ पसरलं. आत्ती बोटानं त्यात अक्षर काढायच्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटाला पाठ होतं. मी त्यांच्या बोटामागून बोट फिरवायची. मग पीठ सारखं करून मी एकटीनं काढायचं आणि त्या वरून हलक्या हातानं चाचपून सांगायच्या, "तप्पु", म्हणजे चुकलं, किंवा "सरी".

आमच्या देवनागरीला आडवी रेघ, दांडी, सगळं कसं ताठ. कन्नड अक्षर म्हणजे जिलबी. डोक्यावरच्या त्या छोट्या वळणाला तलकट्टु म्हणतात, ते विसरलं की अक्षर बोडकं. द, ध आणि थ तिघं जुळे भाऊ. पोट मोकळं तो द, खाली बारीक दांडी तो ध, पोटात टिंब तो थ. व, म, प आणि ष या तर एकाच घरातल्या जावा. लांबून सारख्या दिसतात, जवळ गेल्यावर एकेकीचा स्वभाव कळतो. ए आणि ओ यांनाही ऱ्हस्व आणि दीर्घ असतं, हे तर माझ्या मराठी जिभेला पटेचना. बाराखडीला कागुणिता म्हणतात, ती मी भाकरी भाजताना म्हणायची. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतं. त्या ओत्तक्षरांनी मला रडवलं. शेवटी शेजारचा पाचवीतला पोरगा कामी आला. तो त्यांच्या गच्चीवर, मी आमच्या. मधे बोळ. त्यानं ओरडून विचारायचं, मी ओरडून सांगायचं. चुकलं की तो पोटभर हसायचा. सगळी गल्ली माझी परीक्षा ऐकायची.

वेळ मात्र होता, हे खरं. आमच्याकडं सूर्यास्तापूर्वी जेवणं. एरवी दुकानाच्या वेळांमुळं सगळ्यांचं एकत्र कधी जमायचं नाही, कुणाला डबा, कुणाला नुसतं दूध. आता दुकान बंद, सगळे साडेसहाला पानावर. सात वाजता भांडी पालथी पडली की झोपेपर्यंत तीन तास रिकामे. टीव्हीवर रामायण पुन्हा लागलं होतं, हे तिकडं वळले. आम्ही दोघी परातीपुढं.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी एकटीच अंकलिपी घेऊन बसले होते. पहिलं पान उलटताना ती निळी शाई पुन्हा दिसली. एक अक्षर लागलं. मग दुसरं. माझे ओठ हलत होते. चौथ्या अक्षराला मी थांबले.

ते माझं नाव होतं. माहेरचं.

लग्नात आमच्याकडं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून या घरात मला जुन्या नावानं कुणी हाक मारली नाही. मीही ते विसरल्यासारखीच झाले होते. आई गेल्यावर तर ते उच्चारणारं माणूसही उरलं नाही. आणि इथं, मी परत केलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, ते तीस वर्षं लिहून ठेवलेलं होतं. मला वाचता येत नव्हतं म्हणून मला ते कधी कळलं नाही.

सकाळी चहा देताना विचारलं, "आत्ती, त्या पुस्तकावर माझं जुनं नाव का लिहिलंत?"

"शाळेत जाणाऱ्या पोरीचं नाव तेच होतं की," त्या म्हणाल्या. "नवं नाव तर आम्ही ठेवलेलं. त्या नावानं तू शाळा कुठं बघितलीस?"

मला बोलता येईना. जरा वेळानं धीर करून मी ते तीस वर्षांचं राहिलेलं बोलून टाकलं. त्या वेळी मी उद्धटासारखं बोलले, चुकलं माझं. क्षमावाणीच्या दिवशी आपण दरवर्षी एकमेकींना क्षमा मागतो, पण ती मोघम. अमुक गोष्टीची म्हणून मी कधी मागितली नव्हती.

आत्तींनी चहाची बशी खाली ठेवली. "राग आला होता मला. खोटं कशाला बोलू? वर्षभर होता. मग तुझी पोरं झाली, विसरलो."

"आणि तुम्ही सगळ्या स्वयंपाकघरात हसायचात, ते?"

"ते तुझ्यावरच की," त्या सरळ म्हणाल्या. "भाकरी थापताना तू जीभ बाहेर काढतीस. अजून काढतीस."

मे महिन्यात 'भरतेश वैभव' उघडलं. सोळाव्या शतकातल्या मूडबिद्रीच्या रत्नाकरवर्णीचं हे काव्य, ८० संधींचं, सांगत्य छंदातलं, म्हणजे गाण्यासारखं म्हणायचं. आत्तींचे वडील गावच्या बस्तीत ते गायचे. आदिनाथांचा थोरला मुलगा भरत चक्रवर्ती, राज्य करतो, संसार करतो आणि आतून अलिप्त राहतो, अशी कथा. घरात राहून साधना कशी करायची हे सांगणारा तो ग्रंथ. भरताला ९६ हजार राण्या होत्या, हे मी अडखळत वाचलं तेव्हा आत्ती म्हणाल्या, "लॉकडाऊन नव्हतं म्हणून बरं. सगळ्या घरात बसल्या असत्या तर भाकऱ्या कोण थापणार?"

पहिल्या दिवशी चार ओळींना पाऊण तास लागला. जुन्या छपाईत रफार अक्षराच्या डोक्यावर नसतो, अक्षराच्या पुढं येतो आणि दिसतो अगदी कन्नड नवाच्या आकड्यासारखा. मला आकडे बसच्या पाट्यांवरून ओळखता यायचे. 'कर्म' शब्द आला आणि मी मोठ्या आवाजात वाचलं, "कम नऊ."

"काय?"

"कम नऊ."

आत्ती हसता हसता आडव्या झाल्या. हे आतून धावत आले, त्यांना वाटलं काही झालं. तेव्हापासून आमच्या घरात कर्माला कम नऊच म्हणतात. दूध उतू गेलं, कम नऊ. नेटवर्क गेलं, कम नऊ.

सगळेच दिवस असे हसण्याचे नव्हते. मे महिन्यातच सांगलीला माझी धाकटी काकू गेली. मला वाढवलेली. कोगनोळीच्या नाक्यावर पास असल्याशिवाय गाड्या सोडत नव्हते आणि पास मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं माहेर परदेशासारखं झालं. फोनच्या काचेत काय ते बघितलं. तीन दिवस मी पुस्तक उघडलं नाही. आत्तींनीही म्हटलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्याच परात घेऊन आल्या, पीठ पसरलं आणि म्हणाल्या, "तिचं नाव काढ." मी काकूचं नाव कन्नडमध्ये काढलं. त्यांनी चाचपून बघितलं. त्या दिवशी "सरी" की "तप्पु" काही बोलल्या नाहीत. हात बराच वेळ तिथंच ठेवला.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात सहा अंतरंग तपं सांगितली आहेत. त्यांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, आणि स्वाध्याय ही दोन अगदी शेजारी येतात. इतकी वर्षं मी सूत्र म्हणत आले, पण ती दोन शेजारी आहेत याकडं लक्षच गेलं नव्हतं. आत्तींचं पाणी गरम करणं, औषधं देणं, पाय चेपणं ही सेवा मी केली. केली म्हणजे कर्तव्य म्हणून केली. त्यांना जे हवं होतं ते मात्र माझ्याकडं नव्हतं, कारण मी ते शिकून घेतलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, महिन्याभरानं चष्मा द्यायचा, मग वाचता येईल. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. पण खरं सांगू? परत येताना रिक्षात माझ्या पोटात कुठंतरी खड्डा पडला होता. आता आत्ती आपलं आपण वाचणार. तोवर आम्ही अकराव्या संधीपर्यंत आलो होतो. एकटीच्या हिमतीनं पुढं वाचण्याइतकं मला येत नव्हतं आणि त्यांना आता माझी गरज नव्हती. त्या विचाराची लाजही वाटत होती. सासूचे डोळे आले आणि सून खट्टू होते, हे कुणाला सांगायचं?

नवा चष्मा आला त्या दिवशी आत्तींनी सोप्यात उजेडाला बसून पुस्तक उघडलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. एक पद म्हटलं, दुसरं म्हटलं. आवाज थांबला. मग हाक आली, नव्या नावानं नाही, अंकलिपीवरच्या.

मी हात पुसत बाहेर गेले. त्यांनी पुस्तक माझ्याकडं सरकवलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि स्वतः माझ्या शेजारी सरकून पानात डोकावल्या.

"वाच. इतके दिवस कानानं धरत होतो, आता दिसतंय तू कुठं कुठं गाळतीस."

आता आम्ही २३ व्या संधीवर आहोत. दुकान उघडलंय, बस्ती उघडलीय, संध्याकाळची जेवणं पुन्हा पांगलीत. रोज जमत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा बसतो. परवा मी हिशोब केला, या वेगानं ८० संधी व्हायला अजून सात-आठ वर्षं लागतील. मी बोलून गेले आणि जीभ चावली. आत्तींचं वय मला ठाऊक, त्यांनाही ठाऊक.

त्या पानावरून बोट न काढता म्हणाल्या, "मग बोलत काय बसलीस? पुढची ओळ वाच."